येडबाचा सडा

न्हाई गं अपी, तसं न्हाई. आदी येडबाचं लिव, मग त्या मशीनचं. मानूसच कळला न्हाई तर त्याची चूक काय कळनार वाचनाऱ्याला? मी बोलत जाते, तू लिवत जा. मधी मधी हसू नगं. आन् मपलं बोलनं सुदरू नगं, कॉलेजात गेलीस मनून.

तर येडबा मंजी आमच्या पंचायतीचा शिपाई. चारठाण्याच्या अलीकडं, माळाच्या कडंला आमचं गाव. गावाच्या पार टोकाला येडबाचं घर, मधी बाभळीच्या काट्यांचं कुंपन, आन् कुंपनाच्या अलीकडं आमी. येडबाच्या चार शेळ्या, दोन करडं, एक लेक दैवशाला, ती पूर्णेच्या बाजूला दिलेली, आन् बायकू केवळाबाई. केवळा मंजी मपली धरमाची बहीन. मनून मी येडबाला दाजी मनते, आन् ती दोघंबी मला आक्का मनतेत. नवसाचं लेकरू मनून आईनं येडबा नाव ठेवलेलं. चौथी शिकला. कागद वाचतो, पन वळीवर बोट ठेवून, एक एक अक्षर.

तीस साल झाले त्याला नोकरीला. सकाळच्याला नळाचा वॉल सोडायचा, झेंड्याला दोरी ववायची, दवंडी द्यायची, जिंतूरहून टपालाची पिशवी आनायची, आन् पंचायतीचा जो कागद यील तो चावडीच्या भिंतीला चिकटवायचा. खळ केवळा शिजवायची. मूठभर जवारीचं पीठ, पानी, चुलीवर रटरट. पन त्यात एक घोटाळा व्हता. जवारीची खळ शेळ्यांना लय गोड लागायची. सरकारची नोटीस आदी येडबाची शेळी वाचायची, मग गाव! एकदा तर मतदार यादीतलं अर्धं गाव शेळीनं खाल्लं. गिरामसेवक मनला, येडबा, तुझ्या शेळीला मतदानाला आन आता. तव्हापासून येडबा खुर्चीवर चढून कागद उंच लावायचा.

मागल्याच्या मागल्या साली, गांधीजयंतीच्या आदी आठ दिस, असाच एक कागद लागला. ह्याच अपीनं मोठ्यानं वाचून दावला. नळ, गटार, घरकुल, असे धा-बारा विषय. आन् सगळ्यात खाली, माळावर खडी क्रशर बसवायला ना-हरकत देनं.

क्रशर तुमी बगितलं असंल. डोंगर फोडायचा, दगूड वरून आत टाकायचा, खाली गिट्टी पडती आन् वर फुफाटा उडतो. शेजारच्या गावाला आदीच एक व्हतं. तिथल्या बाया बाजारात आल्या की केस पांढरे दिसायचे, पोरींचे बी.

येडबानं मला सांगितलं, "आक्का, गावानं ना-हरकत दिल्याबिगर मशीन बसत न्हाई." मंजी किल्ली गावाच्याच हातात व्हती. हे नीट लिव अपी. गावाच्याच हातात व्हती.

आन् केवळाची छाती लहानपनापासून नाजूक. थंडी पडली की धाप लागायची. सोयाबीनच्या मळनीला सगळ्या बाया मशीनीपाशी, आन् ही नाकाला पदर बांधून लांब लिंबाखाली. त्या दिवशी कागद ऐकला, तशी खळीचं पातेलं घासता घासता मनली, "आक्का, ते मशीन आलं तर मी न्हाई ऱ्हात." कुठं ऱ्हात न्हाई, ते काय बोलली न्हाई. येडबा तिथंच बसला व्हता. 

दुसऱ्या दिवशी वॉलची लांब किल्ली खांद्यावर टाकून आला, मोठा खूश.

"आक्का, तोड सापडली."

"कशाची?"

"सभेची. सभेला जायचंच न्हाई."

"अन् मग?"

"अवो, सभेला शंभर मान्सं लागतेत. कोरम मनतेत त्याला. कोरम न्हाई भरला की गिरामसेवक घड्याळ बगतो, वही मिटतो आन् मोटारसायकलला किक मारतो. तीस साल बगायलोय मी. कोरम न्हाई तर सभा न्हाई, सभा न्हाई तर ठराव न्हाई, ठराव न्हाई तर मशीन न्हाई."

"दाजी, पक्कं का?"

"आक्का, दवंडी कोन देतंय? मीच ना?"

आता तुमीच सांगा, आमी अडानी. पंचायतीचं येडबाला ठाव असनार न्हाई तर कुनाला? मला बी पटलं. सगळ्या गावाला पटलं.

त्याची दवंडी ऐकायसारखी व्हती बरं का. नोकरी मनून हलगी वाजवायचा आन् मोठ्यानं मनायचा, "ऐका हो ऐका! उद्या धा वाजता चावडीत गिरामसभा हाय, समद्यांनी यावं!" आन् दारात आला की हळूच मनायचा, "येऊ नगा बरं का." पुन्हा रस्त्यावर जायचा, पुन्हा "समद्यांनी यावं!" आमच्या गल्लीत तर बाया हसून हसून बेजार. केवळा मनली, "ह्या मानसाला पगार बोलवायचा भेटतो आन् हा हाकलायलाय."

गांधीजयंतीला चावडीकडं कुत्रं फिरकलं न्हाई. सरपंच, गिरामसेवक आन् त्यांची सात मान्सं खुर्च्यांवर बसून पारावरच्या चिमन्या मोजायले. आमी दारं लोटून आत. आकरा वाजले, आन् मोटारसायकलची किक वाजली. येडबा पळत आला, "मोडली आक्का, सभा मोडली!" केवळानं गुळाचा सांजा केला. मी दोन वाट्या खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, सरकार आपल्याला बी भेतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव सोयाबीनच्या काढनीला वावरात. येडबाला चावडीतून बोलावनं आलं, च्या घिऊन ये. तो घिऊन गेला. नऊ कप. आत बगतो तर तीच वही उघडी, तीच मान्सं.

हे त्यानं मला किती बार सांगितलं, ठाव हाय? तोंडपाठ झालंय मला.

"साहेब, हे काय चाललंय?"

"कालची तहकूब सभा."

"पन कोरम कुठं हाय?"

गिरामसेवक हसला. "तहकूब सभेला कोरम लागत न्हाई, येडबा. तीस वर्षं झाली तुला हितं. एवढं बी ठाव न्हाई?"

येडबा मने, च्याची किटली हातातच ऱ्हायली. तीस साल सभा मोडलेली त्यानं बगितली व्हती. दुसऱ्या दिवशीची वही त्यानं कव्हाच बगितली नव्हती. त्या दिवशी तो टपाल आनायला न्हाईतर वॉलवर असायचा. कोरम न भरून सभा मरत न्हाई, नुसती दुसऱ्या दिवसावर जाती, आन् दुसऱ्या दिवशी नऊ मान्सं बी पुरतेत. आमी सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी जागा मोकळी करून दिली. धा वाजता शंभर मान्सं जाऊन "न्हाई" मनली असती तर? काय झालं असतं मला ठाव न्हाई. पन मनली तर असती.

सरपंच महारुद्र वाईट मानूस न्हाई हं. मपल्या अंगनात खेळलेलं लेकरू. क्रशरवाला गावाला डांबरी रस्ता करून देतो मनला व्हता, त्याला रस्ता पायजे व्हता. रस्ता झाला बी. त्याच्यावरून आता क्रशरचेच टिप्पर पळतेत.

होळीच्या आदी मशीन सुरू झालं. पयल्या दिवशी आवाजानं शेळ्या दावं तोडून पळाल्या. आवाजाची सवय झाली. फुफाट्याची कशी व्हनार? सकाळच्याला हांड्याच्या झाकनावर बोटानं नाव लिवता यायचं. लिंबाचा पाला शेळ्या हुंगून सोडून द्यायल्या. कापसाची बोंडं फुटायची ती राखाडीच. भाकरीत दाताखाली कचकच. पोरं शाळेत शिंकतेत, मास्तर फळा पुसायच्या आदी बाक पुसतो.

आन् केवळा. आदी थंडीतच धाप लागायची, आता उनाळ्यात बी. बोलायली तर चार शब्द, मग दम, मग चार शब्द. तोंडात वढायचा पंप दिला जिंतूरच्या डाक्टरनं. मनला, बाई, धुळीपासून लांब ऱ्हावा. केवळा मनली, "साहेब, घर तर तिथंच हाय." डाक्टरनं पुढच्या पेशंटला हाक मारली. 

ना-हरकतीच्या कागदात अटी व्हत्या बरं. मशीनीला पत्र्याची आड करायची, झाडं लावायची, दिवसातून दोनदा पानी मारायचं, आन् ह्या सगळ्यावर पंचायतीनं लक्ष ठेवायचं. पत्रे चार लागले. झाडं शेळ्यांनी खाल्ली मनतेत, पन मी झाड बगितलंच न्हाई. पानी मारल्याची वही क्रशरवर हाय, रोज भरलेली. आन् पंचायतीनं लक्ष ठेवायचं मंजी कुनी? सरपंच रस्त्याच्या नादात, गिरामसेवकाकडं तीन गावं. उरला येडबा.

त्यानं काय केलं सांगू? सडा घालायला लागला. सकाळ-दुपार बादल्या भरायच्या आन् घरापासून वळनापर्यंत रस्त्यावर शिंपडत जायचं. आता सडा मंजी बायकांचं काम. गडीमानूस धोतराचा सोगा खोचून सडा घालायलाय मनल्यावर हाटेलातली मान्सं गप बसनार व्हय?

"येडबा, सडा झाला, आता रांगोळी बी काढ!"

"काढतो की! पीठ कुठं आनायला जायचंय, तुमच्या डोक्यावरच पडलंय."

हसायचे सगळे. तो बी हसायचा. पन टिप्पर गेला की घटकाभरात रस्ता पुन्हा कोरडा. पुन्हा बादली.

मग आमी अर्ज केला, अटी पाळत न्हाईत आन् पंचायत लक्ष देत न्हाई मनून. अपीनं लिवला, चांगला दोन पानं. साठ सह्या आन् अंगठे. पयला अंगठा माझा. येडबा तो अर्ज घिऊन यश्टीनं परभणीला गेला, मोठ्या आफिसात दिला, पोच घिऊन आला. पोचचा कागद केवळाच्या उशाखाली ठिवला. ती दिवसातून दोनदा हात लावून बगायची, हाय का.

तीन महिने गेले. एक दिवस येडबानं जिंतूरहून टपालाची पिशवी आनली, चावडीत पालथी केली, आन् त्यातून अर्ज पडला. आपलाच. त्यानं अक्षर न्हाई वळखलं, त्यानं माझा अंगठा वळखला. माझ्या अंगठ्यावर इळ्याची आडवी खून हाय न्हवं, ती शाईत उमटती. वर दोन-तीन शिक्के आन् लिवलेली एक वळ. परभणीनं तालुक्याला धाडला, तालुक्यानं पंचायतीला. स्थानिक पातळीवर कारवाई करावी. मंजी पंचायतीची तक्रार पंचायतीकडंच. गिरामसेवकानं वाचला आन् मनला, "फायलीला लाव." आन् येडबानंच भोकं पाडून फायलीला लावला. शिपायाचं काम हाय ते. केवळाला त्यानं सांगितलं न्हाई. ती अजून पोच चाचपायची.

आता सगळ्यात वाईट सांगते. पानी दे गं जरा.

मागल्या माघात सरपंचानं येडबाला बोलावलं. "उद्या हवा मापायला साहेब यायलेत. पंचायतीचा टँकर घे, क्रशरच्या गेटापासून शाळेपर्यंत रस्ता भिजव. पाव्हने येनार मनल्यावर सडा नको का?"

येडबाला आनंद झाला. लिव, आनंद झाला. एवढे दिवस बादलीनं मरायलेला मानूस, त्याला टँकर भेटला! आन् हवा मापायला साहेब येनार, मंजी अर्जाचं चीज झालं, असं बी वाटलं. त्यानं उजाडल्यापासून तीन फेऱ्या मारल्या. वळन भिजवलं, आमचं अंगन भिजवलं, केवळाच्या उंबऱ्यापर्यंत पानी. आन् क्रशर त्या दिवशी बंद. पट्टा तुटला मने.

केवळा त्या दिवशी वट्ट्यावर यिऊन बसली. किती महिन्यांनी. अर्धी भाकर खाल्ली. मला मनली, "आक्का, मातीचा वास यायलाय." नुसत्या मातीचा वास, दगडाचा न्हाई.

साहेब मंजी पोरगंच व्हतं, नाकाला फडकं बांधून आलेलं. शाळेच्या गच्चीवर डबा बसवला. मी मुद्दाम गेले. मनलं, "बाबा, काय मनतो तुझा डबा?"

"आजी, आज तर हवा बरी दिसायली."

"आज बरीच हाय. तू उद्या ये."

"उद्या मला दुसरं गाव हाय आजी. डबा एकच हाय."

"मग परवा ये."

ते हसलं बिचारं. त्याचा काय दोष? डबा एक, गावं किती.

महिन्यानं कागद आला, चावडीला लावायला. केवळाला चुलीपाशी बसवत नव्हतं, मनून खळ म्या शिजवली. येडबा खुर्चीवर चढला, कागद लावला, हात फिरवून सपाट केला, आन् बोट ठिऊन वाचायला लागला. हवा मर्यादेत हाय. मग वर तारीख वाचली. पुन्हा वाचली. तसाच खुर्चीवर उभा ऱ्हायला, हाताला खळ.

"आक्का," मनला, "ही तारीख मंजी म्या टँकर फिरवलेला दिवस हाय ना?"

शेळी खाली उभी व्हती, कागदाकडं बगत. मला वाटलं, खा माय, हा एक तरी खा. पन त्यानं उंच लावला व्हता.

त्याच आठवड्यात दैवशाला आली. आईला बगितलं आन् बापाकडं वळली.

"बाबा, सभेला जाऊ नगा मनून घराघरात कोन सांगत गेलं?"

"मीच."

"साहेब आले त्या दिवशी पानी कोन मारलं?"

"म्याच."

"मग क्रशरवाल्याला कशाला शिव्या देता? तुमच्यासारखा शिपाई त्याला पगार दिऊन बी भेटला नसता."

मी मधी पडले. "दैवशाले, बाप हाय तो."

"मावशी, मपली आई बी हाय ती!"

केवळा खाटंवरून हात हलवायली, बोलू नगा, बोलू नगा. तिला बोलायला दम नव्हता. दैवशाला आईला घिऊन निघाली; रिक्षात बसवताना केवळानं उशाखालचा पोचचा कागद मागून घेतला. येडबानं तो तिच्या हातात दिला. तव्हा बी त्यानं सांगितलं न्हाई.

तव्हापासून ती पूर्णेकडं लेकीपाशी. तिथं नदी, ऊस, हिरवं. बरी हाय मने, दारापर्यंत चालती. हितं आली की आठ दिवसांत खाट धरंल, हे सगळ्यांना ठाव हाय. येडबा तिथं जाऊन ऱ्हायना, नोकरी हाय, शेळ्या हायत, आन् लेक बोलत न्हाई. पन सडा चालूच. सकाळ-दुपार, घरापासून वळनापर्यंत. आता हाटेलातले बी काय बोलत न्हाईत. म्या इचारलं, दाजी, आता कुनासाठी? मनला, "अचानक आली तर?" ती येनार न्हाई. मला ठाव हाय, त्याला बी ठाव हाय.

आता कामाचं. दैवशालाच्या गावात बी कागद लागलाय. गावाशेजारी डांबराचा प्लँट बसायलाय, त्याला ना-हरकत पायजे. धूर निघतो त्यातून, काळा. सभा महाराष्ट्र दिनाला. आन् तिथं बी लोक काय ठरवायलेत? सभेला जायचंच न्हाई, कोरम भरू द्यायचा न्हाई. दैवशालाचा नवराच घराघरात जाऊन सांगायलाय. आमच्या हितं दुसऱ्या दिवशी काय झालं, ते दैवशालानं बापाकडून कव्हा ऐकूनच घेतलं न्हाई; तिला वाटतं बापानंच घोळ केला, मनून फसलं. येडबाला सोयऱ्यानं सांगितलं तसं तो पयल्या यश्टीनं गेला. दैवशालानं पानी दिलं, जेवाय वाढलं. त्यानं सभेचं नाव काढलं, तशी ती मनली, "बाबा, सभेचं तुमी मला सांगू नगा." तो ताटावरून उठून आला. अपीनं फोन लावला, तर आमच्या गावचा नंबर दिसला की ती कट करती. तीस सालात एकदा त्याला खरं ठाव झालं, आन् आता ऐकून घेनारं कुनी न्हाई.

सभेला गेलं मंजी प्लँट थांबतोच, असं मी मनत न्हाई. मला तर न्हाई वाटत थांबंल. पन केवळाला आता तिथून पुढं न्यायला गाव न्हाई.

तर हे वाचनारं कुनी पूर्णेच्या बाजूचं असंल तर एवढं करा. बाजारात भुईमुगाच्या शेंगा घिऊन दैवशाला बसती, उंच हाय, हनवटीवर तीन ठिपके गोंदलेले. पावशेर शेंगा घ्या आन् तिला सांगा: बाई, सभेला जा, सगळ्या बाया घिऊन जा, सभा मोडली तर दुसऱ्या दिवशी बी जाऊन बस, दुसऱ्या दिवशी कोरम लागत न्हाई. तुमी वकील हाव मना, मास्तर हाव मना, काय बी मना. फकस्त येडबानं सांगितलंय, असं तिला सांगू नगा.